‘व्याकरण दुरुस्ती’च्या नावाखाली काय काय जातं

प्रश्न थोडक्यात असा. हिंगणा एमआयडीसीत वडिलांचा पॅकिंग मशिनचा कारखाना सांभाळणाऱ्या एका ताईंना पुण्याच्या एका एजन्सीने ४५ हजारांत इंग्रजी विकिपीडियावर ‘कायमचं पान’ करून देतो म्हटलंय. वर दरमहा दीड हजारात ‘मेन्टेनन्स’. बाबांचं म्हणणं, एवढे पैसे तर आपण दिवाळीच्या कॅलेंडरात घालवतो, करून टाक. त्यातच ज्या मोठ्या कंपनीची विदर्भातली डीलरशिप यांच्याकडे आहे, तिच्या पानावरचा कामगारांच्या संपाचा परिच्छेद मध्येच गायब झाला. तो कोणी काढला हे कळतं का, असं करणं कायद्यात बसतं का, आणि आपण पान करावं का?

ताई, मी बारा-तेरा वर्षं विकिपीडियावर स्वयंसेवक म्हणून काम करतो, थोडं मराठीत, जास्त इंग्रजीत. त्यातला निम्मा वेळ लोकांनी स्वतःबद्दल लिहिलेलं पुसण्यात जातो. पण त्याआधी दोन वर्षं मी नदीच्या पलीकडच्या काठावर होतो. रामदासपेठेतल्या एका जनसंपर्क कचेरीत नोकरीला होतो. नागपूरजवळचं एक इंजिनिअरिंग कॉलेज आमचं गिऱ्हाईक. त्यांच्या विकिपीडिया पानावर फीवाढीच्या वादाबद्दल दोन वाक्यं होती, खाली वर्तमानपत्राचा संदर्भही होता. साहेब म्हणाले, ‘ते फीचं प्रकरण सगळ्यांना दिसून राहिलं, काढून टाक बरं.’ मे महिना, कूलरची घरघर, पाच मिनिटांचं काम. मी दोन वाक्यं उडवली आणि खाली, बदलाचं कारण द्यायच्या सारांशाच्या रकान्यात लिहिलं, ‘व्याकरण दुरुस्ती’.

वीस मिनिटांत वाक्यं परत आली. मला वाटलं काही तांत्रिक घोळ झाला असेल. पुन्हा काढली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा काढली तेव्हा माझ्या चर्चा पानावर (प्रत्येक खात्याला आणि लेखाला जोडलेलं, एकमेकांशी बोलायचं पान) कोणीतरी सभ्य भाषेत विचारलं होतं की तुमचा या कॉलेजशी काही संबंध आहे का. मी उत्तर न देता दुसरं खातं उघडलं आणि त्यावरून तेच केलं. आठवडाभरात दोन्ही खाती बंद. साहेबांनी गिऱ्हाइकाला काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण त्या पानावर पूर्वी दोन वाक्यं होती, आता चार झाली, कारण या गडबडीमुळे कोणीतरी त्या वादाच्या आणखी बातम्या शोधून काढल्या. माझे ते बदल आजही त्या पानाच्या इतिहासात आहेत, तारीख आणि वेळेसकट. मुलीला एकदा दाखवले, ती हसून हसून बेजार.

एवढं सांगायचं कारण असं की तुमचा दुसरा प्रश्न वाचताना मला काय शोधायचं ते आधीच माहीत होतं. तुम्ही दिलेली लिंक उघडली. कंपनीचं नाव इथे घेत नाही. आधी बघायचं कसं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही ताडून बघता येईल.

विकिपीडियाच्या प्रत्येक पानावर वर ‘इतिहास पहा’ असतं. ते उघडलं की एकाखाली एक ओळी दिसतात. कोणत्या खात्याने, कधी, किती अक्षरांचा बदल केला, आणि त्याचं कारण काय दिलं. बदलाचा आकडा हिरवा असेल तर मजकूर वाढला, लाल असेल तर घटला. नवखा माणूस हिरवे आकडे वाचतो, म्हणजे कंपनीने स्वतःची स्तुती कुठे घुसडली ते शोधतो. मी लाल आकड्यांवरून सुरुवात करतो. ‘अग्रगण्य’, ‘जागतिक दर्जाचे’, ‘ग्राहकांच्या विश्वासास पात्र’ असली भर कोणालाही दिसते आणि कोणीही ती पुसून टाकतं. पण जे पानावर नाहीच, ते वाचणाऱ्याला कसं दिसणार? चोरून केलेल्या संपादनाचं खरं दुखणं वजाबाकीत आहे.

तुमच्या कंपनीच्या पानावर ही वजाबाकी दोन हप्त्यांत झालीय. पहिल्या दिवशी एका खात्याने संपाच्या परिच्छेदाखालचे दोन संदर्भ काढले, सारांशात लिहिलं ‘लिंक चालत नाही’. चार दिवसांनी त्याच खात्याने आख्खा परिच्छेद काढला, सारांश ‘संदर्भ नसलेला मजकूर’. आधी खुंटी उपटायची आणि मग म्हणायचं, कोट जमिनीवर पडलाय, उचला. ही युक्ती जुनी आहे आणि अजूनही चालते, कारण इतिहास चाळणाऱ्या माणसाला दुसरा बदल अगदी रास्त वाटतो. संदर्भ नसलेला मजकूर काढायलाच हवा ना! पहिला बदल उघडून बघितला तरच गोम कळते. तसंही लिंक मेली म्हणून बातमी मरत नाही. छापील अंकाची तारीख पुरते, आणि जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये या दोनपैकी एक बातमी मला तीन मिनिटांत सापडली.

आता त्या खात्याच्या नावावर टिचकी मारून ‘सदस्याचे योगदान’ बघा. एकूण एकोणीस संपादनं, त्यातली सोळा याच कंपनीच्या आणि तिच्या संचालकांच्या पानांवर. उरलेली तीन क्रिकेटपटूंच्या पानांवर स्वल्पविराम टाकण्याची, खातं उघडल्याच्या पहिल्याच दिवशीची. तेही उगीच नसतं. इंग्रजी विकिपीडियावर नवं पान थेट करायचं तर खातं किमान ४ दिवस जुनं आणि १० संपादनं केलेलं लागतं, म्हणून ही मंडळी आधी असे स्वल्पविराम पेरतात. फक्त आकडा भरायला.

मग हा माणूस कंपनीचा, हे सिद्ध झालं का? नाही. संशय घेण्याइतकं नक्की आहे. त्याहून पुढे आपण बाहेरून जाऊ शकत नाही, आणि जायचा प्रयत्न करूही नका. कंपनीच्या मार्केटिंगमधल्या अमुक मुलाचं हे खातं असणार असं तुम्हाला वाटत असेल, कदाचित खरंही असेल, पण एखाद्याचं खरं नाव विकिपीडियावर उघड करणं हा तिथे मोठा गुन्हा मानतात. त्यात तुमचंच खातं बंद होईल. खात्यामागची तांत्रिक माहिती मोजक्या विश्वासू सदस्यांनाच दिसते, तीही साधारण ९० दिवस टिकते. एकाच जागेवरून पाच खाती चालत असतील तर ते त्यांना कळतं. पाच खात्यांमागच्या माणसाचं नाव काय, ते त्यांनाही कळत नाही.

पूर्वी एक सोय होती. खातं न उघडता बदल केला की नावाच्या जागी आयपी पत्ता दिसायचा, म्हणजे कोणत्या जाळ्यातून बदल आला त्याचा आकडा. मोठ्या कंपन्यांचे पत्ते त्यांच्या स्वतःच्या नावावर नोंदलेले असतात. २००७च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिल ग्रिफिथ नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने विकिस्कॅनर हे साधन काढलं. त्याने फक्त दोन याद्या एकमेकींवर ठेवल्या, एकीकडे असे निनावी बदल, सुमारे ३ कोटी ४० लाख, आणि दुसरीकडे कोणता आयपी पत्ता कोणाचा. जगभरच्या बातमीदारांची दिवाळी झाली. मतदान यंत्रं बनवणाऱ्या डायबोल्ड कंपनीच्या पत्त्यावरून २००५च्या नोव्हेंबरमध्ये तिच्याच पानावरचे १५ परिच्छेद उडवलेले सापडले. यंत्रांच्या भरवशाबद्दल तज्ज्ञांनी घेतलेल्या शंका, कंपनीच्या प्रमुखाने राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासाठी केलेला निधीसंकलनाचा उद्योग, सगळं एका फटक्यात. एका स्वयंसेवकाने ते लगेच परत लावलं होतं, पण हात कोणाचा हे कळायला पावणेदोन वर्षं जावी लागली. एक्सॉन मोबिल या तेल कंपनीच्या पत्त्यावरून तिच्याच एक्सॉन व्हाल्डेझ जहाजाच्या तेलगळतीच्या मजकुराची धार कमी केलेली सापडली. तीही वजाबाकीच म्हणायची.

त्यानंतर लोक शहाणे झाले, म्हणजे लबाड झाले. ऑफिसच्या जाळ्यावरून कोणी असलं करत नाही, घरून किंवा मोबाइलच्या डेटावरून करतात, किंवा सरळ एजन्सीला देतात. हल्ली तर विकिपीडियावर खातं नसलेल्या माणसालाही आयपी पत्त्याऐवजी तात्पुरतं खातं मिळतं. सामान्य माणसाच्या खासगीपणासाठी ते चांगलंच आहे, पण आमचं काम अवघड झालं. विकिस्कॅनरसारखा धडाका पुन्हा होणे नाही.

आता एजन्सी. लंडनची बेल पॉटिंजर ही एकेकाळची नावाजलेली जनसंपर्क कंपनी. २०११च्या डिसेंबरमध्ये काही पत्रकार उझबेकिस्तान सरकारचे लोक असल्याची बतावणी करून तिच्याकडे गेले, तेव्हा तिच्या अधिकाऱ्यांनी विकिपीडियाची पानं ‘साफ’ करून देण्याची ग्वाही दिली. मग विकिपीडियाने तिच्याशी जोडलेली दहा खाती गोठवली. कंपनी म्हणाली, बदल केले, पण बेकायदा काही केलं नाही. २०१७मध्ये ती बुडाली ती वेगळ्याच कारणाने, दक्षिण आफ्रिकेत गुप्ता बंधू या उद्योगपतींसाठी केलेल्या प्रचारामुळे. पण दुसऱ्याचं नाव धुऊन देण्याचा धंदा करणारीला स्वतःचं नाव धुता आलं नाही, हे आमच्या विकीमंडळींत अजून चवीने सांगतात.

आपल्याकडचं उदाहरण आयआयपीएम या व्यवस्थापन शिकवणाऱ्या खासगी संस्थेचं. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती यायच्या, ‘डेअर टू थिंक बियॉन्ड द आयआयएम्स’, आठवत असतील. नागपूरच्या पेपरांतही यायच्या. विद्यापीठ अनुदान आयोगाचं म्हणणं होतं की या संस्थेला पदवी देण्याचा अधिकारच नाही. मुलगा किंवा त्याचे आईबाप प्रवेशाआधी काय करणार? नाव गुगलवर टाकणार आणि पहिलं येणारं विकिपीडियाचं पान वाचणार. त्या पानावर विफीवन नावाचं एक खातं वर्षानुवर्षं पहारा देत होतं. टीकेचे संदर्भ कमकुवत ठरवून काढायचं, गोड मजकूर नियमांच्या भाषेत टिकवायचं. आणि हा काही उपरा नव्हता. २०१०मध्ये तो प्रचालक झाला होता, म्हणजे इतरांची खाती बंद करण्याचा अधिकार असलेला सदस्य. इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने २०१५च्या फेब्रुवारीत त्याचा अधिकार काढून त्याला हद्दपार केलं. खात्यामागे कोण होतं, त्याला कोणी पैसे दिले, हे काही समितीने जाहीर केलं नाही. वागणुकीवरून निकाल दिला. दरम्यान २०१३मध्ये संस्थेने ग्वाल्हेरच्या न्यायालयातून आदेश मिळवून टीका करणारी सत्तरहून जास्त वेबपानं देशभर बंद करवली, त्यात चक्क अनुदान आयोगाच्या सूचनेचं पानही होतं.

हे प्रकरण मला डायबोल्डपेक्षा जास्त टोचतं. इथे नुकसान झालं ते फी भरलेल्या पोरांचं. माझ्या ओळखीच्या एका घरात कर्ज काढून फी भरली होती. त्यांनी ते पान वाचलं होतं की नाही मला माहीत नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

बरं, आता तुमच्याकडे आलेली एजन्सी. ‘कायमचं पान’ हे शब्द ऐकले की फोन ठेवून द्या, कारण असं पान कोणालाच देता येत नाही. मी वीस वर्षं जुनी पानं चर्चेअंती वगळलेली पाहिली आहेत. आणि ‘मेन्टेनन्स’ हा शब्द ऐकला की सावध व्हा. २०१५च्या ऑगस्टअखेरीस इंग्रजी विकिपीडियाने एकाच टोळीची ३८१ खाती एका झटक्यात बंद केली आणि त्यांनी केलेली २१० पानं वगळली. यांची पद्धत बघा. एखाद्या छोट्या धंदेवाल्याने स्वतः लिहिलेला लेखाचा कच्चा मसुदा नाकारला गेला की ही टोळी तो उचलायची, त्या माणसाला गाठायची, ‘आम्ही जुने संपादक आहोत, पैसे द्या, छापून देतो’. पैसे घेऊन पान लावायचे. मग काहींकडे पानाच्या ‘रक्षणासाठी’ महिना ३० डॉलर मागायचे. म्हणजे हप्ता! सीताबर्डीच्या फुटपाथवर लागतो तसाच. सापडलेल्या पहिल्या खात्याच्या नावावरून या प्रकरणाला ऑरेंजमूडी म्हणतात. आमच्या नागपूरच्या विकी-गटात तेव्हा एकाने लिहिलं होतं, ‘ऑरेंज म्हणते म्हणजे आपल्याच गावचा दिसून राहिला बाप्पा’. नव्हता.

त्याच्या दोन वर्षं आधी विकी-पीआर नावाच्या अमेरिकन कंपनीचं बिंग फुटलं होतं. अडीचशेवर खाती बंद झाली, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने तिला रीतसर कायदेशीर नोटीस पाठवली. पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकांच्या हाती काय लागलं? पान तर गेलंच, पण पान वगळण्याची चर्चा मात्र राहिली, कंपनीच्या नावासकट, कोणालाही वाचता येईल अशी.

कायद्याचं विचारलंत. विकिपीडियाचं नाव घेऊन असा कायदा आपल्याकडे नाही. पण २०१४च्या जूनपासून विकिमीडियाच्या वापरअटींत स्पष्ट आहे की पैसे घेऊन किंवा नोकरीचा भाग म्हणून संपादन करत असाल तर मालक कोण, गिऱ्हाईक कोण, तुमचा संबंध काय, हे उघड सांगायचं. सदस्य पानावर (खात्याच्या स्वतःच्या ओळखीच्या पानावर) सांगा, चर्चा पानावर सांगा किंवा बदलाच्या सारांशात सांगा, पण सांगा. पैसे घेऊन लिहायला बंदी नाही, लपवायला आहे. एजन्सीवाले हा फरक गिऱ्हाइकाला कधीच सांगत नाहीत.

जर्मनीत याच्याही पुढे गोष्ट गेली आहे. म्युनिकच्या वरिष्ठ न्यायालयात २०१२च्या मे महिन्यात दोन कंपन्यांचा वाद आला. माल होता लोबानापासून केलेली उत्पादनं. लोबान म्हणजे आपल्या मेळघाटातल्या सालईच्या जातकुळीतल्या झाडांचा डिंक. एका कंपनीने विकिपीडियाच्या लेखात प्रतिस्पर्ध्याच्या मालाला अडचणीचा ठरेल असा मजकूर घातला होता. न्यायालयाने ती छुपी जाहिरात ठरवली. विकिपीडिया वाचणारा माणूस तटस्थ माहितीच्या अपेक्षेने येतो, जाहिरात समजून नाही. आणि बदल कोणी केला ते चर्चा पानावर दिसत होतं, हा बचावही चालला नाही, कारण सामान्य वाचक चर्चा पान उघडतच नाही. आपल्याकडे हा निकाल कोणाला बांधील नाही. पण उद्या तुमच्या धंद्यातला कोणी ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार घेऊन उभा राहिला, तर त्याच्या वकिलाला हा युक्तिवाद सुचायला कितीसा वेळ लागेल?

संपादन जमलं नाही की कोर्टात जाण्याची वाटही आहे, ती मोठ्यांची. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४च्या जुलैमध्ये आपल्याबद्दलच्या पानावरच्या टीकेवरून विकिमीडियावर दिल्ली उच्च न्यायालयात २ कोटींचा दावा लावला. पुढे त्या खटल्याबद्दलचंच इंग्रजी पान न्यायालयाच्या आदेशावरून काढावं लागलं. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५च्या मे महिन्यात रद्द केला. या सगळ्यात एएनआयच्या मूळ पानावरची ती टीका किती लोकांनी नव्याने वाचली असेल, विचार करा.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि इथे मी थोडा कडू बोलणार आहे. तुम्ही पाठवलेली सगळी कात्रणं वाचली. तुमच्या कारखान्याचं पान होत नाही. निदान आज तरी नाही.

विकिपीडियावर पान असायला धंदा चांगला असावा लागत नाही, जुना असावा लागत नाही, प्रामाणिक असावा लागत नाही. तुमचा हे तिन्ही आहे. लागतं ते एवढंच की तुमच्याशी देणंघेणं नसलेल्या माणसांनी, भरवशाच्या ठिकाणी, तुमच्याबद्दल नीट सविस्तर लिहिलेलं असावं. याला उल्लेखनीयता म्हणतात. तुमच्या सात कात्रणांपैकी तीन एकाच प्रसिद्धिपत्रकावरून आली आहेत, वाक्यंसुद्धा तीच. एक पुरवणीतला लेख आहे, वर बारीक अक्षरात ‘जाहिरात उपक्रम’ छापलंय. एक पुरस्काराची बातमी आहे, आणि त्या पुरस्काराची प्रवेश फी तुम्हीच भरली हे तुम्हीच लिहिलंय (तुमचा प्रामाणिकपणा आवडला). एकात पन्नास कारखान्यांच्या यादीत तुमचं नाव आहे. उरतं ते एक, १९९४चं कात्रण. बाबांनी भिलाईच्या ऑर्डरसाठी स्वतः बनवलेल्या मशिनवर एका वार्ताहराने केलेला पाऊण स्तंभ. ते खरं सोनं आहे. पण एकच आहे.

२००९च्या निवडणुकांनंतर महाराष्ट्रात ‘पेड न्यूज’चं प्रकरण गाजलं, तेव्हापासून भारतीय वर्तमानपत्रांतल्या गोडगोड बातम्यांकडे इंग्रजी विकिपीडियावरचे लोक भिंग लावूनच बघतात. एजन्सी याच कात्रणांवर पान उभं करील, आठ-पंधरा दिवस ते दिसेल, तेवढ्यात ती पैसे घेऊन मोकळी होईल, मग कोणीतरी पान वगळायची चर्चा लावील. तोवर बाबांनी लिंक सगळ्या नातेवाइकांना पाठवलेली असेल.

आणि समजा, पान टिकलं. तर? त्यावर तुमचा ताबा नसतो हे कोणी सांगत नाही. उद्या कारखान्यात आग लागली, कोणाचा हात मशिनमध्ये गेला, जीएसटीची नोटीस आली आणि पेपरात बातमी छापून आली, की ती त्या पानावर चढते आणि राहते. मग तुम्हाला ती काढावीशी वाटेल. तुम्ही चांगली माणसं आहात, तरीही वाटेल. मी वीस मिनिटांत पकडला गेलो ते काम तुम्ही स्वतः करायला बसाल.

इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी. त्या मोठ्या कंपनीच्या डीलर तुम्ही आहात. म्हणजे तिच्या पानाबाबत तुमचाही हितसंबंध आहे. संपाचा परिच्छेद परत लावणं योग्य आहे, पण तुमच्या हाताने नको. उद्या डीलरशिपवरून काही बिनसलं तर हाच बदल दाखवून ते म्हणतील, बघा, रागाने केलं. सरळ रस्ता चर्चा पानाचा. तिथे खऱ्या ओळखीने लिहा. काहीसं असं:

‘नमस्कार. मी या कंपनीच्या एका अधिकृत डीलरच्या कार्यालयात काम करते, त्यामुळे पानात स्वतः बदल करत नाही. कामगारांच्या संपाविषयीचा परिच्छेद आधी संदर्भ काढून आणि नंतर संदर्भ नाहीत म्हणून वगळला गेला आहे. ते दोन्ही बदल इतिहासात आहेत. पहिल्या बातमीची साठवलेली प्रत आणि दुसरीची छापील तारीख खाली देत आहे. एखाद्या तटस्थ संपादकाने पाहून योग्य वाटल्यास परिच्छेद परत लावावा.’

इंग्रजीत करून टाका, वर संपादन विनंतीचा साचा (पानात टाकायची ठरावीक खूण) लावा, म्हणजे अशा विनंत्या बघणाऱ्यांच्या रांगेत ती जाते. उत्तर यायला दोन दिवस लागतील नाहीतर दोन महिने. तिथे पगारी माणसं नाहीत. कोणी तपासून म्हणेल की परिच्छेद फार लांब होता, दोन ओळी पुरतात, तर वाद घालू नका. तसं म्हणण्यात तथ्य असू शकतं. मला स्वतःला तो जरा लांबच वाटला. प्रत्येक वजाबाकी पाप नसते, हेही लक्षात ठेवा. मी रोज करतो.

तुम्ही विचारलं नाही पण सांगतो, मराठी विकिपीडियावर हा प्रकार जास्त दिवस खपतो. १ मे २००३ला तो सुरू झाला, पण नियमित राबणारी माणसं अजून मोजकी. इंग्रजीत वीस मिनिटांत पकडला जाणारा बदल इथे वर्ष-वर्ष पडून राहतो. कोचिंग क्लासेस, नगरसेवक, पतसंस्था, सगळ्यांनी त्यात हात धुऊन घेतले आहेत. आणि हल्ली फोनला विचारलं की तो जे बोलून दाखवतो, गुगल उजवीकडच्या चौकटीत जे दाखवतं, त्यातलं बरंच विकिपीडियावरूनच उचललेलं असतं. इथे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, आणि तिकडे इतिहासाचं बटणही नाही.

बाबांची हौस मोडू नका. त्यांच्याकडे जुन्या वर्कशॉपचे फोटो असतीलच, ऐंशीच्या दशकातली हिंगणा एमआयडीसी, शेडबाहेरची माणसं, पहिलं मशीन. ते स्कॅन करून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या भांडारात, मुक्त परवान्याने (कोणालाही वापरता येतील असे) चढवा. मात्र फोटो ज्याने काढला त्याचा हक्क असतो, तेव्हा बाबांनी स्वतः काढलेलेच घ्या. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीबद्दल मराठीत धड मजकूर नाही, तिथे असा फोटो लागला तर लिहिणारे तुमचे आभार मानतील. फोटोच्या माहितीत कारखान्याचं नाव येतं, तेवढं रास्त आहे. फक्त नॉर्थ फेससारखं करू नका. २०१९मध्ये त्या कपड्यांच्या कंपनीने जाहिरात संस्थेकरवी डोंगर-समुद्रकिनाऱ्यांच्या पानांवरचे फोटो बदलून आपला माल दिसेल असे फोटो टाकले, वर एक पैसा खर्च झाला नाही म्हणून व्हिडिओ काढून मिरवलं. स्वयंसेवकांनी काही फोटो काढले आणि काहींतला नेमका लोगोच कापून टाकला, निसर्ग तेवढा ठेवला. कंपनीला माफी मागावी लागली.

ते १९९४चं कात्रण जपून ठेवा, तारखेसकट. वर्तमानपत्राचं नाव दिसत नाहीये, फोटोत कोपरा कापला गेलाय, पुन्हा पाठवा.

एजन्सीचा माणूस पुन्हा फोन करील तेव्हा त्याला दोनच गोष्टी विचारा. तुमचं विकिपीडियावरचं सदस्यनाव काय? आणि आमच्याकडून पैसे घेतल्याचं त्या सदस्य पानावर लिहाल का? मी हे प्रश्न आजवर सहा-सात जणांना विचारायला लावले आहेत. चौघांनी फोन ठेवला, एकाने ‘ते आमच्या टेक्निकल टीमला विचारावं लागेल’ म्हटलं. तुमचा काय म्हणतो ते कळवा. कंपनीचं ते पान मी माझ्या पहाऱ्याच्या सूचीत टाकलंय, म्हणजे त्यात बदल झाला की मला कळेल.